मधल्या खोलीतली होडी

अक्का, तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पांझरा नदीवरून माणसं परतली ती हेच सांगत परतली. "पिंड ठेवायची खोटी, की आला," नाना म्हणाले. ओट्यावर बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. बाई तृप्त गेली म्हणाल्या, मनात काही राहिलं नाही. मी आत चहा गाळत होते. मला हसूही आलं आणि रागही आला. धुळ्याचे कावळे मुळात उपाशी, त्यांना काय पडलंय कुणाच्या मनात काय राहिलं त्याचं? तुमचं एक राहिलं होतं, आणि ते माझ्या गळ्यात घालून तुम्ही निघून गेलात.

आता दुपारचे दोन वाजून गेलेत. या वेळी मला तुमच्याशी बोलायची सवय आहे, म्हणून बोलते. चौदावा झाला, पाहुणे पांगले, नानांना घेऊन तुमचा राजू नाशिकला गेला. पुढच्या खोल्यांना कुलूप आहे. जाऊ गेली की जावेला लोक जरा कमीच विचारतात, हे मला या दिवसांत कळलं. नवरा गेला, आई गेली, त्याला शब्द आहेत. मोठी जाऊ गेली त्याला काय म्हणायचं? भेटायला येणारी प्रत्येक जण नानांपाशी बसायची, राजूपाशी बसायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "चहा टाकता का थोडा?" मी टाकत राहिले.

त्या चहाच्या येरझाऱ्यांतच ते पहिल्यांदा कानावर आलं. समोरच्या गल्लीतली ती मोठ्या कुंकवाची बाई कुजबुजत होती. तिची कुजबूज म्हणजे पार रस्त्यापर्यंत ऐकू येणारी. "या वयात कशाला हवं होतं ते यंत्र? रोज दुपारी नाव वल्हवायची म्हणे. छातीला झेपतंय का?" दुसरी म्हणाली, "पोरानेच आणून दिलेलं ना? परदेशातून?" राजू भिंतीला टेकून बसला होता, मुंडण केलेलं डोकं खाली घालून. त्याने सगळं ऐकलं. थोड्या वेळाने तो उठला, मधल्या खोलीत गेला आणि त्या यंत्रावर, आपल्या होडीवर, एक जुनी चादर टाकून आला. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काकू, मी जायच्या आधी ते भंगारात देऊन टाकतो. डोळ्यांसमोर नको." मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, अक्का. तुमच्या पोराची खात्री पटली होती की त्याने आणलेल्या वस्तूने त्याची आई नेली.

आणि खरं काय ते या घरात फक्त मला ठाऊक होतं. ते राजूला सांगायचं नाही, असं तुम्ही मला बजावून ठेवलेलं.

तुम्हाला आठवतं, होडी आली तो दिवस? राजू मस्कतहून पहिल्यांदा सुटीवर आला होता. टॅक्सीच्या टपावर हा भला लांबलचक खोका. गल्लीतल्या पोरांना वाटलं रंगीत टीव्ही. निघालं हे. लांब लोखंडी पट्टी, तिच्यावर मागेपुढे सरकणारी छोटीशी गादी, समोर पाय अडकवायला दोन पावट्या, आणि दोन बाजूंना दोन दांडे. दांड्यांना तेलाची नळकांडी, स्कूटरच्या मागच्या चाकाला असतात तसली. नानांची साखर वाढली होती आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, म्हणून पोराने परदेशातल्या पहिल्या कमाईतून हे आणलं. नाना जेमतेम दोनदा बसले. "पांझरेत घोटाभर पाणी नाही अन् माझ्या घरात नाव!" असं म्हणून उठले ते कायमचे. तेव्हापासून ती होडी झाली. तिच्यावर तुम्ही पापडाची ताटं ठेवायला लागलात.

त्याच्या पुढच्या वर्षी मी इथे राहायला आले. हे गेल्यावर दीपनगरचं क्वार्टर सोडावं लागलं. माहेरी फैजपूरला भाऊ होते, त्यांनी "ये" म्हटलं, पण ते दारातूनच म्हटलं. तुम्ही आणि नाना टेम्पो घेऊन आलात आणि सामान भरायलाच लागलात, मला न विचारता. मागची खोली तुम्ही आधीच चुन्याने रंगवून ठेवली होती. मी त्या खोलीत येऊन बसले आणि बसूनच राहिले. महिनेच्या महिने. बोलायचे नाही, की रडायचेही नाही. उठताना गुडघे कडकडायचे, कंबर लाकडासारखी झालेली. मला त्याचंही काही वाटत नव्हतं.

मग एका दुपारी तुम्ही आलात. "शालू, मना गुडघा दुखस व. डॉक्टरनी त्या होडीवर बसाले सांगं. एकटीले भ्याव वाटस. तू संगे चाल."

थापा! पुढे कितीतरी दिवसांनी मी तुम्हाला गच्चीच्या पायऱ्या भराभर चढताना पाहिलं, डोक्यावर कुरडयांची पाटी घेऊन. गुडघा तुमचा ठणठणीत होता. तुम्ही अशाच खोटं बोलायच्या, अक्का. स्वतःसाठी कधी नाही. समोरच्याला बरं वाटावं म्हणून, त्याला उठवण्यासाठी, आणि इतक्या सहज की देवसुद्धा फसावा. याच्यावरून मी तुमच्याशी भांडायचे. ते भांडण अर्धंच राहिलं.

पहिल्या दिवसाची फजिती आठवली की अजून हसू येतं. तुमचं नऊवारी, कासोटा घातलेला, तुम्ही ऐटीत बसलात. दांडे धरले आणि विहिरीवरून पाणी शेंदतात तसे खसाखसा ओढायला लागलात. पाय नुसते पावट्यांवर ठेवलेले, पाठ कमान झालेली, सगळा जोर खांद्यांत. मी म्हटलं, "अक्का, असं नसेल हो ते." तुम्ही म्हणालात, "माले पानी शेंदाले तू शिकाडशी का?" खरंच होतं. अमळनेरजवळच्या त्या खेड्यात तुम्ही आयुष्यभर खोल विहिरीचं पाणी काढलं होतं. दोरी हातात आली की बाईने हाताने ओढायचं, हे तुमच्या हाडांत मुरलेलं. हीही दोरीच, फक्त लोखंडाची, असं तुम्ही धरून चाललात. मग मी बसले, तर माझ्या सहावारीच्या निऱ्या गादीच्या चाकाखाली गेल्या. गादी अडली, मी पुढे आपटले आणि पातळ टरकलं. तुम्ही आधी पोट धरून हसलात, मग उठून राजूचा जुना पायजमा घेऊन आलात. म्हणालात, घाल. मी आ वासून बघत राहिले. विधवा बाई, आणि पायजमा! "दार लाव ना मंग," तुम्ही म्हणालात आणि स्वतःच कडी घातलीत. त्या दिवसापासून आपल्या दुपारींना कडी लागली.

पाणी शेंदण्याचं फळ चारच दिवसांत मिळालं. राजूने नानांसाठी नळकांड्यांची पकड दांड्यांवर पार वर सरकवून ठेवली होती. जेवढी वर, तेवढा दांडा जड, हे आपल्याला कुठे ठाऊक? तुम्ही वाकून एक जोराचा हिसका दिलात आणि "मनी कंबर गयी व माय!" म्हणून तिथेच आडव्या झालात. नानांना काय सांगितलंत? मोरीत पाय घसरला. पण हाडांच्या दवाखान्यात ती व्यायाम शिकवणारी मुलगी भेटली, तिथे तुमचं काही चाललं नाही. तिने तुमची पाठ चाचपली, खांदे चाचपले आणि विचारलं, "आजी, मोरीत पडल्यावर माणूस एका अंगावर पडतं. तुमचे दोन्ही खांदे सारखे कसे भरले?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी छताकडे पाहिलं. शेवटी तुम्ही सगळं ओकलात, पायजम्यासकट.

ती हसली नाही म्हणून मला ती आवडली. तिने तुम्हाला बरं होऊ दिलं आणि मग बाकावर बसवून दाखवलं. "आजी, हे हातांचं काम नाहीच. पायांचं आहे. हात नुसते आकडे समजा, दांडा धरून ठेवण्यापुरते. आधी पाय रेटायचे. पाय सरळ होत आले की अंग मागे, तेही कंबर मोडून नाही, खुब्यातून, अगदी थोडं. सगळ्यात शेवटी हात छातीशी." आणि येताना उलट. आधी हात पुढे, मग अंग, मग गुडघे दुमडायचे. "रेटायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट येताना लागू दे. बायका येताना घाई करतात," ती म्हणाली. तुम्ही लगेच म्हणालात, "बायकांना घरी येताना घाईच असते बाई." बाहेरच्या माणसाशी तुम्ही अशी शुद्ध बोलायच्या, आणि माझ्याशी आपली अहिराणी. तो फरक मला आवडायचा. आता माझ्याशी अहिराणी कुणी बोलत नाही.

आणखी तिने बरंच सांगितलं. जेवणावर लगेच बसायचं नाही. पकड पार खाली आणून ठेवायची आणि आधी थोडा वेळ हलकं हलकं अंग मोकळं करायचं. पट्टे पावलाच्या चवड्यावर घट्ट, पण मुंग्या येतील इतके नाहीत. मनगट वाकडं करायचं नाही, मूठ आवळायची नाही, खांदे कानांशी न्यायचे नाहीत. गुडघा खाडकन सरळ करायचा नाही. नळकांडी तापतात, त्यांना लगेच हात लावायचा नाही. हे तिने सांगूनही तुम्ही लावलात आणि बोट भाजून घेतलंत. छातीत दाटलं, चक्कर आली, कुठे कळ आली, तर तिथेच थांबायचं, मोठेपणा करायचा नाही. आणि दोन गोष्टी अशा, ज्यांच्यावर पुढे माझं सगळं उभं राहिलं. एक म्हणजे, बोलता येईल एवढ्याच दमात करायचं. बोलता येईना झालं की समजायचं, जोर जास्त होतोय. आणि दुसरी, आपली पाठ आपल्याला दिसत नाही. म्हणून सुरुवातीला मागे कुणी तरी बसावं आणि कमरेच्या जरा वर तळहात ठेवावा. पाठ गोल झाली की हाताला कळतं.

तुम्ही त्या दोन्ही गोष्टींचा कायदाच करून टाकलात. मी पायजमा घालून बसायची. पट्टे आवळायची, दांडे धरायची, गुडघे दुमडून पुढे जायची आणि थांबायची. तुमचा हात पाठीवर आल्याशिवाय रेटायचं नाही. मागे स्टुलावर बसून तुम्ही पदराने हात पुसायच्या, बांगड्या मागे सारायच्या आणि मग तो हात यायचा. "हं. पहिले पाय." मी रेटायची. "वढू नको, रेट. आते अंग. आते हात. हळू ये व, कोनी वाट पाहत नही." आणि लगेच, "बोल."

"काय बोलू?"

"काही बी. बोलाले येवाले पाहिजे, ती पोरगी सांगे ना? बोल."

अक्का, मी महिनोन्महिने कुणाशी धड बोलले नव्हते. तुम्ही व्यायामाचं निमित्त करून मला बोलायला लावलंत. पहिल्या दिवशी मी कालवणाचं बोलले. मग दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचं, दोरीवरचे कपडे राखेने कसे काळे व्हायचे त्याचं. मग एके दिवशी, पाय रेटता रेटता, यांचं. शेवटच्या दिवशी दवाखान्यात ते मला काय म्हणाले, ते मी पुढे तोंड करून, भिंतीकडे बघत, तुम्हाला सांगितलं. तुमच्याकडे तोंड असतं तर मी सांगू शकले नसते. तुमचा हात जागचा हलला नाही. मी सांगून संपवलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "पाठ वाकनी." मी पाठ सरळ केली.

आता एक सांगते, जे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. लग्न होऊन आल्यापासून आपण एकमेकींना शिवायचो ते पाया पडताना आणि हळदीकुंकवाला. हे गेल्यावर ते कुंकवाचं बोटही थांबलं. विधवा बाईला कुणी हात लावत नाही, अक्का. मुद्दाम नाही, पण लावत नाही. दिवसभरात माझ्या अंगाला लागायचा तो तेवढा तुमचा तळहात. मी त्या हातासाठी यायचे. पाठ मला केव्हाच सरळ ठेवता यायला लागली होती. मी मधूनमधून मुद्दाम वाकायचे, म्हणजे तुम्ही जरा दाबून म्हणाल, "वाकनी!" तुम्हाला हे कळलं होतं का? कळलं असणार.

तुमच्या पाळीला मी हात ठेवायचे. तुमची पाठ मोठी, उबदार. जुनी सवय तुमची शेवटपर्यंत जात नव्हती, चार वेळा पाय आधी, पाचव्या वेळी पुन्हा विहीर. "अक्का, विहीर!" मी ओरडायची. बाहेर नाना घोरत असायचे.

मग ते गच्चीच्या पायऱ्यांवर झालं. तुम्ही मधेच बसलात आणि छातीवर हात ठेवलात. मला वाटलं, आता पुन्हा थाप मारतील. पण तुम्ही म्हणालात, "ती पोरगी सांगे, मोठेपणा करू नको. चाल, दवाखान्यात." मला तुमचा इतका अभिमान वाटला, अक्का. डॉक्टरांनी तपासलं, ईसीजीच्या पट्ट्या काढल्या, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, होडी बंद. तुम्ही त्याच दिवशी बंद केलीत. एकदाही हट्ट धरला नाहीत, एकदाही गंमत म्हणून बसला नाहीत. नानांना सांगितलंत, बीपीच्या गोळ्या आहेत. दुपारी मधल्या खोलीतून चाकांचा आवाज येतच राहिला, त्यामुळे नानांना वाटत राहिलं, दोघी वल्हवताहेत. वर्षभर होडीवर मी एकटीच होते. तुम्ही नुसत्या मागे, स्टुलावर, हात ठेवून.

आणि दर रविवारी राजूचा फोन. तोवर तो नाशिकला नोकरीला लागला होता. "आई, बसतेस ना होडीवर?" "बसते तर! रोज बसते. तुझ्यामुळे माझे गुडघे सुटले रे बाबा." मी शेजारीच उभी असायची. फोन ठेवल्यावर मी चिडायची.

"कशाला खोटं बोलता? उद्या काही झालं तर तो काय समजेल?"

"काय होस माले?"

"अक्का, मी सांगणार त्याला."

"सांगू नको व. त्याले बरं वाटस. बापनी तर हात लावा नही त्या होडीले. माय तरी बसस, इतलंच त्याले सुख शे. तुले मनी आन शे, शालू."

आण घातलीत. मी म्हटलं, बघू. तुम्ही म्हणालात, बघू नही, सांगू नको. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि आपण उठलो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ते भांडण आपण मिटवणारच होतो कधीतरी. आणि मग तुम्ही एका सकाळी परडी घेऊन जास्वंदीपाशी गेलात आणि तिथेच राहिलात.

आण मोडणाऱ्याचं काय होतं म्हणतात ते मला माहीत आहे. राजू भंगाराचं बोलला त्यापुढचे चार दिवस मी त्याचाच विचार करत होते. तुमचा शब्द पाळावा तर तुमचं पोर जन्मभर स्वतःला खात राहणार. मोडावा तर तुम्ही त्याच्याशी वर्षभर खोटं बोलत होतात, हे त्याला कळणार, तेही तुम्ही सावरून घ्यायला नसताना. आणि खरं सांगू? त्यात माझा स्वार्थही होता. होडी जाऊ नये असं मला वाटत होतं. पण ज्या वस्तूने आई गेली असं पोराला वाटतंय, ती वस्तू त्याच्याकडे कोणत्या तोंडाने मागायची? मागणं मला कधी जमलंच नाही. तुम्ही नेहमी म्हणायच्या, "मांगाले कसानी लाज?" आणि मी म्हणायची, राहू द्या.

भंगारवाला आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. त्याने चादर काढली, पट्टी हाताने उचलून पाहिली आणि म्हणाला, "इसमें लोहा कम है, भाईसाब." राजू म्हणाला, "घेऊन जा फक्त." त्याने एक टोक उचललं आणि गादी घरंगळत खाली आली. तो आवाज, अक्का. आपल्या दुपारचा आवाज. मी हातातलं फडकं तसंच घेऊन बाहेर आले.

"ठेव ते खाली," मी म्हणाले. "मला हवंय."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. नाना खुर्चीत वळून बघायला लागले. राजू म्हणाला, "काकू, नको. त्याच्यावरच आई..."

"तुझी आई वर्षभर त्याच्यावर बसली नव्हती."

"ती मला दर रविवारी सांगायची."

"खोटं सांगायची. तुला बरं वाटावं म्हणून. डॉक्टरांनी बंद कर म्हणून सांगितलं त्याच दिवशी तिने बंद केलं. मी होते तिच्याबरोबर."

त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता मला बोलेल. नाना म्हणाले, "पण मी तर रोज ऐकायचो..." "ती मी असायचे, नाना," मी म्हणाले. राजूने विचारलं, "मग आई काय करायची आत, दार लावून?"

मला ते बोलून सांगता येईना. मी म्हटलं, "बस त्याच्यावर. दाखवते." भंगारवाला बिचारा दारात उभाच. राजू बसला, पाय अडकवले, दांडे धरले. मी स्टूल ओढलं आणि तुमच्या जागी बसले. आणि त्याने काय करावं? खसकन हाताने ओढलं. पाठ कमान, खांदे कानांशी. तुमचंच पोर ते! माझा तळहात आपोआप त्याच्या पाठीवर गेला आणि माझ्या तोंडून तुमच्याच बोलीत निघालं, "वढू नको, रेट. पहिले पाय."

तो थांबला. पुढे वाकलेला, माझ्याकडे पाठ करून. मग त्याची पाठ माझ्या हाताखाली हलायला लागली, अक्का, आणि मी हात काढला नाही. शेवटी त्याने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "त्याने नाही ना काही झालं, काकू?"

"नाही रे बाबा. त्याने काहीच झालं नाही. त्याच्यापायी मी मात्र जगले."

हे मी त्याला सांगितलं. खरं तर ते तुम्हालाच सांगायला हवं होतं, तुम्ही स्टुलावर होतात तेव्हा. नाना डोळे पुसत होते. भंगारवाला केव्हा निघून गेला कुणाच्या लक्षात आलं नाही.

होडी त्यानेच उचलून माझ्या खोलीत आणली. खोली केवढीशी, ते तुम्हाला माहीतच आहे. खाट भिंतीला उभी केली तरच ती मावते. त्याने पकड खाली सरकवून दिली, खाली सतरंजी घातली म्हणजे सरकू नये, चाकांना तेल दिलं. जाताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "काकू, रविवारी तुम्हाला फोन करत जाईन. पण खरं सांगायचं." मी हो म्हटलं. तुमची आण मी मोडली, अक्का. रागवायचं असेल तर रागवा. त्या कावळ्याला जे कळलं नाही ते मी पुरं केलं. आता तुमचं काही राहिलं नाही. राहिलंय ते माझं.

आज पहिली दुपार. मी खाट उभी केली, कडी लावली. कुणापासून लावली कोण जाणे, घरात चिटपाखरू नाही. पायजमा घातला. पट्टे चवड्यावर आवळले. स्टूल मागे तुमच्या जागी ठेवलं आहे, ते हलवावंसं वाटेना. दांडे धरले, हलक्या मुठीने. गुडघे दुमडून पुढे गेले आणि सवयीप्रमाणे थांबले.

मी वाट पाहिली. बांगड्यांचा आवाज आला नाही, हात आला नाही. पाठ वाकली की सरळ आहे, कळायला काही मार्ग नव्हता. मी मागे वळून पाहिलं नाही. तशीच बसून राहिले. मग बोलायला लागले, कालवणापासून. आणि पाय रेटले.